छायाचित्र किती मोठें छापतां येईल?

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें आणि श्रीवर्धनच्या वाड्यांतील असंख्य नारळी-पोफळी एका दुपारींत आडव्या झाल्या. रोठा सुपारीसाठीं नांवाजलेल्या या गांवीं पोफळीची नवी लावण फळास येण्यास पांच ते आठ वर्षें लागतात. जुनी वाडी कित्येक कुटुंबांपाशीं आतां केवळ छायाचित्रांत उरली आहे, व तें चित्र मोठें करून मुंबई-पुण्याच्या घरीं भिंतीवर लावावें असें त्यांस वाटणें स्वाभाविक होय. मोठें म्हणजे किती मोठें, हें मात्र हौसेवर अवलंबून नसून गणितावर आहे. आणि तें गणित प्राथमिक शाळेपलीकडचें नाहीं.

मोबाईलनें घेतलेलें चित्र ही ठिपक्यांची रांगोळी समजावी. ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. रांगोळी मोठी काढावयाची आणि ठिपके तितकेच ठेवावयाचे, तर त्यांतील अंतर वाढवावें लागतें व रांगोळी विरळ दिसूं लागते. चित्राचेंही तसेंच. बारा मेगापिक्सेलच्या चित्रांत लांबीस ४००० व रुंदीस ३००० ठिपके असतात. हातांत धरून पाहावयाच्या चित्रास दर इंचीं ३०० ठिपके पुरे होतात. म्हणजे हें चित्र सुमारें सव्वातेरा इंच लांब व दहा इंच रुंद उत्तम छापेल. भिंतीवरचें चित्र तीन फुटांवरून पाहिलें जातें. तेथें दर इंचीं शंभर ठिपकेही चालतात आणि तेंच चित्र ४० बाय ३० इंचांपर्यंत जातें. रस्त्यावरील अवाढव्य फलक जवळून पाहिले तर ठिपक्यांचा नुसता पसारा दिसतो, तो याच कारणानें. एक गैरसमज मात्र दूर करावा: ४८ मेगापिक्सेल म्हणजे बाराच्या चौपट ठिपके खरे, पण कागदाची लांबी व रुंदी प्रत्येकीं दुप्पटच होते.

खरी हानि बहुधा वाटेंत होते. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीनें पाठविलेलें चित्र लहान केलें जातें. पुष्कळदां लांब बाजूस १६०० च ठिपके उरतात. असें १६०० बाय १२०० चें चित्र हातांत धरण्यास सव्वापांच बाय चार इंच, भिंतीसाठीं फार तर १६ बाय १२. म्हणून वाडीचें चित्र ज्या आप्ताच्या मोबाईलनें घेतलें त्याच्याचकडून मूळ चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावें. हरवलेले ठिपके अंदाजानें भरून देणारीं साधनें आज मिळतात, परंतु त्यांनीं रेखाटलेलीं झावळें त्या पोफळीचीं नसतात.

आतां आकाराचा प्रश्न. मोबाईलचें चित्र बहुधा चारास तीन या प्रमाणाचें असतें. छापखान्यांतील ६ बाय ४, १२ बाय ८, १८ बाय १२ हे कागद तिनास दोन या प्रमाणाचे. तें प्रमाण ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्म-चित्राचें असून १९२५ सालीं बाजारांत आलेल्या लायका कॅमेऱ्यानें तें रूढ केलें. चारास तीनचें आडवें चित्र १८ इंच लांब केलें तर त्याची उंची साडेतेरा इंच होते. कागद बाराचा! दीड इंच, म्हणजे नववा हिस्सा, कापला जातो: आडव्या चित्रांत पोफळींचे शेंडे नाहींतर अंगणाची कड, उभ्या चित्रांत कडेला उभी असलेली आत्या. याला उपाय दोन. १६ बाय १२ चा कागद मागावा, किंवा १८ बाय १२ वरच दोन्ही बाजूंस एकेक इंच पांढरा समास सोडून अख्खें चित्र छापून घ्यावें. दुकानदारास हें आधींच सांगितलें पाहिजे, कारण यंत्र न विचारतां कागद भरून टाकतें.

जुन्या घरांत ६ बाय ४ चे कागदी फोटोही सांपडतात. दर इंचीं ६०० ठिपक्यांनीं स्कॅन केल्यास ३६०० बाय २४०० ठिपके मिळतात व १२ बाय ८ चें चित्र बिनकापट निघतें. याहून बारीक स्कॅन केल्यानें ठिपके वाढतात, तपशील क्वचितच वाढतो. निगेटिव्ह उरली असेल तर तीच स्कॅन करावी. तिच्यांत कागदी फोटोपेक्षां पुष्कळ अधिक सांठलेलें असतें. किनाऱ्यावरील दमट हवेंत तिला बुरशी लवकर धरते, तेव्हां हें काम पावसाळ्यापूर्वींच उरकावें.