सनदेतून वसलेले टेक्सास

टेक्सास राज्याच्या दिनविशेषांची कोणतीही यादी उघडली, की 1836 सालचा वसंत ऋतूच प्रथम डोळ्यांत भरतो: 2 मार्चची मेक्सिकोपासूनची स्वातंत्र्यघोषणा, 6 मार्चचा आलामोचा पाडाव, 21 एप्रिलचा सॅन जासिंटोचा विजय. हे सारे दिवस तोफेच्या धुराचे. परंतु ज्या वसाहतीवरून पुढे रण माजले, ती वसाहत मुळात रणात नव्हे, तर कचेरीत, अर्जांच्या आणि सनदांच्या बळावर उभी राहिली होती.

शिशाच्या खाणींच्या व्यापारात गबर झालेला आणि 1819 च्या मंदीत बुडालेला अमेरिकी मोझेस ऑस्टिन डिसेंबर 1820 मध्ये सान आंतोनिओ येथे स्पॅनिश सुभेदार आंतोनिओ मार्तिनेस याच्यापुढे वसाहतीची विनंती घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याला तत्काळ मुलूख सोडून जाण्याचा हुकूम मिळाला. परतताना गावच्या चौकात त्याला बास्त्रोप नावाचा एक जुना परिचित भेटला. त्याने रदबदली केली, आणि 17 जानेवारी 1821 रोजी 300 कुटुंबे वसविण्याची परवानगी निघाली. हा बास्त्रोप स्वतःस ‘बॅरन’ म्हणवीत असे. वस्तुतः तो हॉलंडमधला करवसुली अधिकारी. सरकारी वसुलाच्या अफरातफरीचा आरोप आला तेव्हा परागंदा झालेला. राज्ये वसतात ती पुष्कळदा अशाच माणसांच्या शिफारशीवर!

10 जून 1821 रोजी मोझेस निवर्तला, त्याच वर्षी मेक्सिको स्वतंत्र होऊन स्पेनचा अंमल संपला, आणि त्याचा पुत्र स्टीफन याच्या हाती उरली ती गत राजवटीची परवानगी. ती कायम करून घेण्यासाठी तो मेक्सिको शहरी गेला. 18 फेब्रुवारी 1823 रोजी सम्राट इतुर्बिदेची मंजुरी मिळते न मिळते तोच मार्चमध्ये सम्राटाने सिंहासन सोडले, त्याचा वसाहतीचा कायदा रद्द झाला, आणि एप्रिलमध्ये नव्या सत्तेकडून तीच सनद पुन्हा मिळवावी लागली.

1824 साली बास्त्रोपच जमीन-आयुक्त होऊन ब्राझोस व कोलोरॅडो या नद्यांकाठच्या 272 सनदा देऊन गेला. शेती करणाऱ्या कुटुंबास 177 एकर, गुरे पाळणाऱ्यास 4,428 एकर असा नियम असल्यामुळे बहुतेकांनी आपण पशुपालक असल्याचे नोंदविले, यात नवल ते काय! किनाऱ्यावरील कारांकावा लोकांचा त्या भूमीवरील पूर्वापार हक्क मात्र या दप्तराने कधी विचारात घेतला नाही.

स्टीफनच्या मूळ योजनेत दर गुलामामागे मालकाला 80 एकर अधिक जमीन होती. 1825 च्या शरदात वसाहतीतील सुमारे 1,800 माणसांपैकी 443 गुलाम होते. कापसाचे पीक त्यांच्याच श्रमावर उभे राहिले. 15 सप्टेंबर 1829 रोजी मेक्सिकोच्या अध्यक्षाने गुलामगिरी बंद केली, पण त्याच डिसेंबरात टेक्सासला त्यातून सूट मिळाली. आणि 1836 च्या स्वतंत्र प्रजासत्ताकाने तर आपल्या घटनेतच मुक्तीचा अधिकार विधिमंडळाला नाकारला. म्हणून मला 2 मार्चचा उत्सव अपुरा वाटतो.

टेक्सासमधील गुलामांच्या मुक्तीचा हुकूम गॅल्व्हस्टन येथे जाहीर झाला 19 जून 1865 रोजी. अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा सेनापती ली याचा जन्मदिवस, 19 जानेवारी, टेक्सासने 1931 साली सुट्टीचा केला. 19 जूनला तो मान मिळाला 1980 साली, 49 वर्षांनंतर.