गोलरक्षकाचं माप कसं घ्यायचं?

२०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीत एक मजेशीर निकाल लागला. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा होबी बेकर पुरस्कार मिनेसोटा स्टेट विद्यापीठाचा गोलरक्षक ड्रायडन मॅके याला मिळाला. सर्वोत्तम गोलरक्षकासाठी असलेला माइक रिक्टर पुरस्कार मात्र बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हन लीव्हायकडे गेला. म्हणजे देशातला पहिल्या नंबरचा खेळाडू गोलरक्षक, पण पहिल्या नंबरचा गोलरक्षक भलताच!

दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की हा तिढा सुटायला लागतो. मॅके : ३८ विजय, ५ पराभव, दर सामन्याला सरासरी १.३१ गोल, अडवलेले फटके ९३.१ टक्के. लीव्हाय : २१ विजय, १० पराभव, १ बरोबरी, सरासरी १.५४ गोल, अडवलेले फटके ९५.२ टक्के. एकही गोल न होऊ देता पूर्ण केलेले सामने दोघांचेही दहा-दहा. विजय आणि गोल-सरासरीत मॅके पुढे, टक्केवारीत लीव्हाय. आता एकेक आकडा कसा तयार होतो ते पाहू.

विजयांचा आकडा सर्वात सोपा आणि सर्वात फसवा. मॅकेचे ३८ विजय हा एका हंगामातला कॉलेज हॉकीचा विक्रम ठरला. पण गोलरक्षक कितीही चांगला असला तरी समोरच्या जाळ्यात पक (रबरी चकती) घालण्याचं काम त्याचे सहकारी करतात. २-१ ने जिंकलेला आणि ६-१ ने जिंकलेला सामना त्याच्या खात्यात सारखाच जमा होतो, आणि ०-१ ने हरलेला सामना पराभव म्हणूनच लिहिला जातो.

गोल-सरासरी काढताना खाल्लेल्या गोलांना ६० ने गुणून मैदानावरच्या मिनिटांनी भागतात, कारण सामना ६० मिनिटांचा असतो. शेवटच्या मिनिटांत जादा आक्रमक आणण्यासाठी गोलरक्षकाला बाहेर बोलावलं आणि रिकाम्या जाळ्यात गोल झाला, तर तो त्याच्या नावावर लागत नाही. इथवर सगळं न्याय्य वाटतं. पण त्या ६० मिनिटांत त्याच्या दिशेने किती फटके आले, हे या सरासरीत कुठेच दिसत नाही.

ते टक्केवारीत दिसतं. जाळ्याच्या दिशेने आलेल्या शंभर फटक्यांपैकी किती अडवले, एवढाच तिचा हिशेब. कॉलेज हॉकीत ९० ते ९१ टक्के ही साधारण कामगिरी धरली जाते.

आता हे दोन आकडे एकत्र वापरले की तिसरी गोष्ट कळते. मॅकेने शंभरातले ६.९ फटके सोडले आणि दर ६० मिनिटांना १.३१ गोल खाल्ले. भागाकार केला तर त्याच्यावर ६० मिनिटांत साधारण १९ फटके येत होते. लीव्हायने शंभरातले ४.८ सोडले, गोल १.५४, म्हणजे त्याच्यावर साधारण ३२ फटके. सामना तेवढ्याच वेळाचा, पण लीव्हायला दीडपटीहून जास्त काम! रणजीतल्या गोलंदाजाची सरासरी वाचताना आपण खेळपट्टी कशी होती ते आधी विचारतो, तसंच हे.

पुढची पायरी म्हणजे साधारण गोलरक्षकाशी तुलना. लीव्हायने ३२ सामन्यांत हजाराच्या आसपास फटके झेलले. ९१ टक्केवाल्या गोलरक्षकाने तेवढ्यांत नव्वदएक गोल खाल्ले असते. लीव्हायने पन्नासच्या आसपास खाल्ले. म्हणजे संघाचे चाळीसएक गोल वाचले. हाच हिशेब मॅकेला लावला तर वाचलेले गोल पंधरा ते वीसच्या दरम्यान येतात. चांगलेच, पण निम्म्याहून कमी.

तरी टक्केवारीवरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. फटक्यांची नोंद कशी होते ते बघा. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच जाळं. निळ्या रेषेवरून बचावपटूने मारलेला पक वाटेत कुणाच्या तरी नडगीवर आदळून थांबला : फटका धरला जात नाही. पुढचा पक खांबावर ठण्णकन आपटून बाहेर गेला : तोही नाही, कारण गोलरक्षक नसता तरी तो आत गेला नसता. मग मधल्या रेषेजवळून कुणी सहज भिरकावलेला पक थेट जाळ्याकडे घसरत आला आणि गोलरक्षकाने काठीने अडवला : हा धरला. पाच फुटांवरून मारलेला पक त्याने छातीवर घेतला, पण हातातून निसटला, समोरच्याने पुन्हा मारला आणि त्याने पाय लांबवून थोपवला : दोन फटके, दोन बचाव. पहिल्याच वेळी पक कवेत घट्ट धरला असता तर एकच बचाव लागला असता. म्हणजे ढिसाळ पकडीमुळेही टक्केवारी वाढू शकते, आणि मधल्या रेषेवरून आलेल्या पकचं मोल पाच फुटांवरच्या फटक्याइतकंच धरलं जातं.

मॅकेच्या बाजूने बोलायचं तर मुद्दा इथेच आहे. कमी फटके येणं म्हणजे सोपे फटके येणं नव्हे. घट्ट बचाव करणारा संघ लांबून येणारे फुसके फटके आधीच मोडून काढतो. उरतात ते चुकून सुटलेले, जवळचे आणि धोक्याचे. शिवाय वीस वीस मिनिटं जवळजवळ रिकाम्या हाताने उभं राहून एकदम सज्ज व्हायचं, हेही कसबच.

दुसरी अडचण हंगामाच्या लांबीची. कॉलेजचा हंगाम चाळीसएक सामन्यांचा. हजार फटक्यांमागे एक टक्का म्हणजे दहा गोल, आणि एवढा फरक निव्वळ नशिबानेही पडतो. म्हणून ९१.५ आणि ९२.३ यांत कोण सरस, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ९३.१ आणि ९५.२ मधला फरक मात्र नशिबावर सहज ढकलता येत नाही. सामने किती खेळला, तेही पाहावं लागतं. मेन विद्यापीठाच्या जिमी हॉवर्डने २००३-०४ मध्ये ९५.६ टक्के आणि १.१९ सरासरीचे विक्रम केले, पण त्या हंगामात तो आणि फ्रँक डॉयल आलटून पालटून जाळ्यात उभे राहिले. अर्धं ओझं वाहून केलेली कामगिरी आणि अख्खा हंगाम खेचून नेणं एकाच तराजूत घालताना जपून राहावं लागतं.

आता पुन्हा त्या दोन पुरस्कारांकडे. रिक्टर पुरस्कार २०१४ पासून दिला जातो आणि तो फक्त गोलरक्षकांचा. तिथे जाळ्यासमोरचं काम सुटं करून पाहता येतं, आणि तसं पाहिलं तर लीव्हायचं पारडं जड होतं. १९८१ पासूनच्या होबी बेकरचं तसं नाही. तिथे गोलरक्षकाची गाठ आक्रमकांशी आणि बचावपटूंशी पडते. कौशल्याबरोबर स्वभाव, खिलाडूवृत्ती, अभ्यास आणि संघातलं स्थानही विचारात घेतात. वेगवेगळ्या जागांवरच्या खेळाडूंची तुलना करायला सामाईक टक्केवारी नसते, त्यामुळे संघाचं यश आणि विक्रम यांचं वजन आपोआप वाढतं. मॅकेकडे ३८ विजय होते, कारकिर्दीत गोल न दिलेल्या ३४ सामन्यांचा विक्रम होता, आणि त्याचा संघ अंतिम फेरीत पोहोचला होता. लीव्हायचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात वेस्टर्न मिशिगनकडून जादा वेळेत २-१ ने हरला होता. होबी बेकर गोलरक्षकाला मिळणं तसं दुर्मीळच : मॅकेआधी फक्त १९८८ मध्ये रॉब स्टॉबर आणि २००१ मध्ये रायन मिलर.

अंतिम सामना पुरस्काराच्या घोषणेनंतर दुसऱ्या दिवशी झाला. दोन सत्रं १-० ने पुढे असलेला मॅकेचा संघ तिसऱ्या सत्रात कोसळला आणि डेन्व्हरने ५-१ ने विजेतेपद नेलं. त्या पाचांतले दोन गोल रिकाम्या जाळ्यात झाले होते, त्यामुळे मॅकेच्या नावावर तीनच लागले. धावफलक पाच म्हणतो, गोलरक्षकाचं खातं तीन. तेव्हा कुणाचाही आकडा समोर आला की तो कशाला कशाने भागून काढलाय, हे आधी विचारावं. कोण मोठा, हा प्रश्न त्यानंतरचा.