झोपेची ‘नैसर्गिक’ गोळी घ्यावी का?

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलांकडे राहून परतणाऱ्या आईवडिलांच्या बॅगेत हल्ली चॉकलेटं आणि बदामांच्या जोडीला मेलाटोनिनची बाटलीही असते. तिकडे ती वाणसामानाच्या दुकानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. पुण्या-ठाण्यात आली की बहीण, शेजारी, व्याही असा तिचा प्रवास सुरू होतो. “झोपेची गोळी नाही हो ही, नैसर्गिक आहे. सवय लागत नाही,” असं सांगून ती दिली जाते. आता तर इथल्या औषधांच्या दुकानांतही मेलाटोनिनच्या गमीज, जिभेवर विरघळणाऱ्या पट्ट्या आणि अश्वगंधा, तगर, जटामांसी एकत्र केलेल्या कॅप्सूल सहज मिळतात. रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागणाऱ्या माणसाला यातून आशा वाटणं स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याला खरं काय ते नीट कळायला हवं.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की मेलाटोनिन घेतलं की झोप येते. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी 1958 मध्ये गुरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीपासून हे संप्रेरक वेगळं केलं. ते शोधत होते त्वचेच्या रंगाशी संबंधित द्रव्य. झोपेशी असलेला त्याचा संबंध पुढे स्पष्ट होत गेला. अंधार पडू लागला की नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी दोनेक तास ही ग्रंथी मेलाटोनिन रक्तात सोडू लागते आणि रात्र झाल्याचं शरीराला कळतं. त्याचं काम मुख्यतः एवढंच. गुंगी आणणं हे त्याचं काम नव्हे. पोराच्या नोकरीची किंवा घराच्या हप्त्याची काळजी करत रात्री दोन वाजता छताकडे पाहणाऱ्या माणसाच्या रक्तात मेलाटोनिन आधीच असतं. रात्र झाल्याचं त्याच्या शरीराला ठाऊक आहे, त्याला जागं ठेवणारं कारण वेगळंच आहे. आणि बाटलीतलं मेलाटोनिन कुठल्या झाडापासून येत नाही. आज ते बहुतेक सगळं कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने तयार होतं.

फायदा किती, याचा हिशेब उपलब्ध आहे. 19 चाचण्यांमधल्या 1,683 जणांची माहिती एकत्र करणारा आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. मेलाटोनिन घेणाऱ्यांना नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी सात मिनिटं लवकर झोप लागली आणि एकूण झोप आठेक मिनिटांनी वाढली. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक खरा आहे. पण जो दोन-दोन तास तळमळतो, त्याला ही सात मिनिटं कितीशी पुरणार?

तरीही मेलाटोनिन निरुपयोगी नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला पोचलेल्या माणसाचं शरीर साडेनऊ-साडेदहा तास मागेपुढे झालेलं असतं, त्याला दुपारी पेंग येते आणि पहाटे तीनला टक्क जाग. इथे अडचण शरीराच्या घड्याळाचीच आहे आणि मेलाटोनिन नेमकं तिथे काम करतं. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2002 च्या आढाव्यात दहापैकी आठ चाचण्यांत, पाच किंवा अधिक कालविभाग ओलांडणाऱ्या प्रवाशांना, नव्या ठिकाणच्या झोपेच्या वेळी मेलाटोनिन घेतल्याने जेट लॅग कमी झाल्याचं दिसलं. भलत्या वेळी घेतलं तर मात्र घड्याळ जुळायला उशीरच लागतो. ज्यांना रोज पहाटे तीनच्या आधी झोपच येत नाही आणि मग दुपारपर्यंत उठवत नाही, अशांनाही डॉक्टर संध्याकाळी थोड्या मात्रेत ते देतात. म्हणजे लेकीकडे जाताना ती बाटली उपयोगाची होती. परत येऊन वेळापत्रक रुळावर आल्यावर वर्षभर रोज घेण्यासाठी ती नव्हती.

“पाच मिलिग्रॅमने काही झालं नाही, दहाची घेऊन बघू” हाही सर्रास आढळणारा समज. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी 2001 मध्ये पन्नाशीपुढच्या निद्रानाशाच्या रुग्णांना वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या. अवघ्या 0.3 मिलिग्रॅमने झोप सुधारली. त्याच्या दहापट, म्हणजे 3 मिलिग्रॅम दिल्यावर शरीराचं तापमान उतरलं आणि रक्तातलं मेलाटोनिन दिवस उजाडल्यावरही चढलेलंच राहिलं. दुसऱ्या दिवशी डोकं जड का होतं, हे यावरून समजावं. दुकानात मात्र 5 आणि 10 मिलिग्रॅमच्या बाटल्या सर्रास मिळतात.

शिवाय बाटलीत नेमकं किती आहे, याचीही खात्री नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये 31 उत्पादनं तपासली. लिहिलेल्या प्रमाणाहून 83 टक्के कमी ते 478 टक्के जास्त, इतकी तफावत निघाली. आठ उत्पादनांत सेरोटोनिन सापडलं, ज्याचा लेबलवर उल्लेखही नव्हता. 2023 मध्ये अमेरिकेत 25 गमीज तपासल्या, त्यांतल्या 22 वरचा आकडा चुकीचा होता आणि एकीत मेलाटोनिनचा पत्ताच नव्हता. अमेरिकेत 1994 च्या कायद्यानुसार हा पूरक आहार ठरतो आणि बाजारात येण्यापूर्वी त्याला औषधासारख्या कसोट्या पार कराव्या लागत नाहीत. ब्रिटनमध्ये तेच मेलाटोनिन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. गमीज गोळ्या-बिस्किटांसारख्या गोड लागतात हेही घरात लहान मूल असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. अमेरिकेत मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याबद्दल विषबाधा केंद्रांकडे आलेल्या नोंदी 2012 ते 2021 या काळात 530 टक्क्यांनी वाढल्या.

आता आपल्या अश्वगंधेकडे वळू. तिच्या बाजूने पुरावा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. 2021 च्या एका आढाव्यात पाच चाचण्यांतल्या 400 जणांची माहिती तपासली गेली. झोपेत थोडी, पण निश्चित सुधारणा आढळली. निद्रानाश असलेल्यांत, रोज 600 मिलिग्रॅम किंवा अधिक अर्क किमान आठ आठवडे घेतल्यावर ती जास्त दिसली. म्हणजे आज रात्री कॅप्सूल आणि आज रात्रीच झोप, असं तिचं काम नाही.

“आपल्याकडे हजारो वर्षं घेतात, तिचा अपाय कसा होईल?” या प्रश्नाचं उत्तर मात्र अवघड आहे. वैद्यांनी प्रकृती पाहून काही दिवस दुधातून दिलेलं चूर्ण वेगळं आणि दुकानातून आणून महिनोन्महिने घेतलेला तीव्र अर्क वेगळा. आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2020 मध्ये अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या पाच रुग्णांची नोंद केली. 2023 मध्ये भारतातल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले. त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. असे रुग्ण थोडेच असतात आणि बंदीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरी गरोदर स्त्रियांनी, यकृताचा विकार असलेल्यांनी आणि थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी ती मनाने घेऊ नये. डोळे किंवा त्वचा पिवळी दिसू लागली, तर ती तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावं.

तगरीची पाश्चात्त्य बहीण म्हणजे व्हॅलेरियन. तिच्यावरच्या 16 चाचण्यांचा, एकूण 1,093 रुग्णांचा 2006 चा आढावा ठाम निष्कर्षापर्यंत पोचू शकला नाही. तिचा वास इतका उग्र असतो की खरी कॅप्सूल कोणती आणि नकली कोणती, हे घेणाऱ्याला ओळखू येऊ शकतं. त्यामुळे चाचणीच डळमळीत होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकालीन निद्रानाशासाठी मेलाटोनिन आणि व्हॅलेरियन दोन्ही सुचवलेले नाहीत. जटामांसीची गोष्ट आणखी निराळी. हिमालयातून मुळांसकट उपटून ती इतकी ओरबाडली गेली आहे की आज तिची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत होते.

घरगुती जायफळ-दुधाला कुणी हसू नये. चिमूटभर जायफळ उगाळून घेतलेल्या कोमट दुधाने अपाय होत नाही आणि झोपण्यापूर्वीची ती शांत पाच मिनिटं मोलाची असतात. मात्र चिमूट ही चिमूटच राहावी. पाच-एक ग्रॅम जायफळ पोटात गेलं तर उलट्या, धडधड, भ्रम अशी विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. तान्ह्या बाळाला झोपवण्यासाठी तर ते देऊच नये.

आणि “सवय लागत नाही” हे वाक्य? मेलाटोनिनची व्यसनासारखी सवय सहसा लागत नाही, हे खरं. पण खरं नुकसान वेळेचं होतं. घोरता घोरता ज्याचा श्वास मध्येच थांबतो, त्याला स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी हवी. जिचे पाय रात्री सारखे हलवावेसे वाटतात, तिच्या शरीरात लोह कमी असण्याची शक्यता आहे आणि आपल्याकडे बायकांमध्ये ही कमतरता अतिशय आढळते. थायरॉइड, नैराश्य, रात्री लघवीला उठवणारा मधुमेह, संध्याकाळी सहाचा कडक चहा, यांतलं काहीही कारण असू शकतं. बाटल्या बदलण्यात वर्ष जातं आणि मूळ दुखणं तसंच वाढत राहतं.

दीर्घकालीन निद्रानाशावर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 पासून पहिला उपाय म्हणून सुचवलेली पद्धत गोळीची नाही. ती आहे निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत. रोज एकाच वेळी उठायचं, रविवारीही. पेंग आल्याशिवाय अंथरुणावर पडायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात बसायचं आणि पुन्हा पेंग आली की परतायचं. अंथरुणावर मोबाइल, हिशेब, वाद काही नाही. पहिले काही दिवस त्रासाचे जातात. पण उपचार संपल्यावरही फायदा टिकतो, आणि कुठल्याही कॅप्सूलपेक्षा या पद्धतीमागचा पुरावा भक्कम आहे.

तेव्हा लांबच्या विमानप्रवासासाठी चार दिवस थोडं मेलाटोनिन घ्यायला निरोगी माणसाला हरकत नसावी. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर नवी बाटली विकत घेऊ नये. घरात असलेली घेऊन डॉक्टरांकडे जावं, काय काय घेतलं ते सगळं सांगावं आणि झोप का येत नाही ते शोधायला सांगावं.