हॉट हॅचची न्युर्बुर्गरिंग वारी

हॉट हॅच ही घरगुती हॅचबॅकचीच जोरकस आवृत्ती असते. सांगाडा तोच, डिकी तीच, मागे मुलांना बसवून बाजाररहाट करण्याची सोयही तीच. बदलतात ते इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर. १९७५ साली फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय मांडली आणि पुढच्या वर्षी ती विक्रीला आणली. ११० अश्वशक्ती आणि आठशे किलोंच्या आसपास वजन एवढ्या भांडवलावर तिने दुप्पट किमतीच्या गाड्यांना घाम फोडला. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा कंपनीचा सुरुवातीचा अंदाज होता. प्रत्यक्षात खप लाखांत गेला. १९८४ मध्ये प्यूजोची २०५ जीटीआय आली. पुढे रेनॉची क्लिओ, होंडाची सिव्हिक टाइप आर, फोर्डची फिएस्टा एसटी असा हा गोतावळा वाढत गेला. भारतीय रस्त्यांवर तो फारसा दिसला नाही. साधी पोलो पुण्याजवळ चाकणला तयार होत असे, पण तिची जीटीआय आवृत्ती २०१६ मध्ये मोजक्या संख्येने आयात झाली आणि तेवढ्यावरच थांबली.

युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये, या गाड्यांचे मालक वर्षातून एखादा ‘ट्रॅक डे’ करतात. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. आयोजक रेसट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेतो, ठरावीक गाड्यांना प्रवेश देतो आणि ज्याने त्याने आपल्या कुवतीनुसार गाडी चालवायची असते. वेळ मोजायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. ओव्हरटेक ठरलेल्या बाजूनेच आणि पुढच्याने वाट दिल्यावरच करायचे. सकाळी सूचनांची बैठक होते, झेंड्यांचे अर्थ सांगितले जातात, हेल्मेट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे तपासले जातात, आवाजाच्या मीटरपुढे इंजिन रेस करून दाखवावे लागते. मग पहिल्या दोन-तीन फेऱ्या हळू, ट्रॅक डोळ्यांखालून घालण्यासाठी.

ब्रिटनमध्ये ट्रॅकची वानवा नाही. पण सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, गुडवुड यांसारखे बरेचसे ट्रॅक दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळांवर उभे राहिले, त्यामुळे ते सपाट आहेत. इंग्लिश खाडीपलीकडे बेल्जियमच्या आर्देन आणि जर्मनीच्या आयफेल डोंगरांत मात्र रस्ता जंगलातून चढतो, उतरतो आणि टेकाडाआड दिसेनासा होतो. तिकडे स्पा-फ्रँकोर्शां आणि न्युर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफ हे दोन ट्रॅक आहेत आणि दोघांमध्ये गाडीने जेमतेम तासा-दीड तासाचे अंतर आहे. एकाच सहलीत दोन्ही उरकण्याचा मोह त्यामुळेच होतो.

अस्सल रेसगाडी ट्रेलरवर लादून न्यावी लागते. हॉट हॅच स्वतःच्या चाकांवर जाते. डिकीत सामान, जॅक आणि पाने, मागच्या सीटवर हेल्मेटे. फ्रान्समधल्या कॅले बंदरापासून न्युर्बुर्गपर्यंतचे सुमारे साडेचारशे किलोमीटर ती एसी लावून निवांत कापते. पण याच सोयीत या सहलीची खरी अट दडलेली आहे. ट्रॅकवर जी गाडी पिळून काढायची, तीच दुसऱ्या दिवशी धडपणे घरी न्यायची असते. तयारीतला प्रत्येक निर्णय या एका अटीवर तपासून घ्यावा.

पहिली तयारी ब्रेकची, इंजिनची नव्हे. नवखे मालक नेमका उलटा क्रम लावतात आणि एक्झॉस्ट बदलण्यात पैसे घालतात. त्या एक्झॉस्टमुळे आवाजाच्या चाचणीत नापास होण्याची सोय मात्र होते. ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतात आणि ही उष्णता वजनाच्या पटीत, तर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ११०० किलोंची गाडी ताशी १८० किलोमीटरवरून ८०वर आणताना जितकी उष्णता निर्माण होते, तितकीत सुमारे तीन लिटर गार पाणी उकळायला लागेल. हे तीन-चार सेकंदांत घडते, त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो आणि पुढच्या वळणाला तेच पुन्हा. गाडी हलकी असणे हा इथे छोट्या हॅचचा मोठा फायदा: १६०० किलोंच्या गाडीला तेच करताना जवळपास दीडपट उष्णता सोसावी लागते.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. पॅड फार तापले की घर्षण कमी होते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरी तऱ्हा अधिक भीतीदायक. ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते आणि ओलावलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. दोन वर्षे न बदललेले ऑइल रोजच्या रस्त्यावर कुरकूर करणार नाही. ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीत ते हात वर करते. म्हणून निघण्यापूर्वी ताजे, अधिक उकळबिंदूचे ऑइल आणि जास्त तापमान सोसणारे पॅड घालावेत. पॅड निवडताना पुन्हा तीच अट: निव्वळ रेसचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत आणि परतीच्या वाटेवर, पावसाळी सकाळी, पहिल्या सिग्नललाच अडचणीत आणतात.

टायरमधल्या हवेचा दाब ट्रॅकवर झपाट्याने वाढतो. थंड टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी कमी हवा ठेवून सुरुवात करायची, काही फेऱ्यांनंतर टायर गरम असतानाच दाब मोजून जास्तीची हवा सोडायची, आणि घरी निघताना आठवणीने पुन्हा भरायची. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत असू द्यावे, कारण लांब वळणात ते एका बाजूला सरकते आणि पंपाला कमी पडू शकते. चाकांचे नट पहिल्या फेऱ्यांनंतर टॉर्क पान्याने तपासावेत. ट्रॅकवरून आत येताना शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवावी.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे, पण सर्वांत महाग चुका इथेच होतात. ब्रिटिश गाडीला नोंदणीपत्र आणि २०२१ च्या सप्टेंबरअखेरीपासून ‘जीबी’ऐवजी ‘यूके’ अशी खूण लागते. फ्रान्समध्ये चमकदार जाकीट आणि त्रिकोण गाडीत असणे सक्तीचे. डावीकडच्या वाहतुकीसाठी बनवलेले हेडलाइट उजवीकडच्या वाहतुकीत समोरच्याच्या डोळ्यांवर येतात, म्हणून त्यांवर स्टिकर लावायचे. हे सगळे बंदरावरच्या दुकानातही मिळते. विमा मिळत नाही. नेहमीची पॉलिसी ट्रॅकवरचे नुकसान भरत नाही आणि अनेक ब्रिटिश पॉलिसींत तर न्युर्बुर्गरिंगचे नाव घालून नकार दिलेला असतो. त्या दिवसापुरता वेगळा ट्रॅक विमा घ्यावा लागतो. त्यातही गाडीच्या किमतीचा काही भाग मालकाच्याच खिशातून जातो.

न्युर्बुर्गरिंगचे नाव घालण्याला कारण आहे. १९२७ साली सुरू झालेली नॉर्डश्लाइफ २०.८३२ किलोमीटर लांबीची आहे. तिच्यात ७३ वळणे आणि सुमारे तीनशे मीटरचा चढउतार आहे. फॉर्म्युला वन चालक जॅकी स्टुअर्टने तिला ‘हिरवा नरक’ म्हटले आणि ते नाव चिकटले. १ ऑगस्ट १९७६ रोजी शर्यतीत निकी लाउडा या चालकाची गाडी इथे पेटली. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या रस्त्यावर परतली नाही. पण ठरलेल्या दिवशी कुणीही फेरीमागे साधारण तीस-पस्तीस युरो भरून इथे गाडी घालू शकतो. कायद्याच्या नजरेत त्या वेळी हा ट्रॅक नसतो, टोल भरायचा एकेरी रस्ता असतो आणि जर्मन वाहतूक नियम लागू असतात. उजवीकडून ओव्हरटेक करायचे नाही. मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर देऊन कडेला सरायचे. दोनशे अश्वशक्तीच्या छोट्या गाडीच्या चालकाचे निम्मे लक्ष आरशातच असते. त्यातून ब्रिटिश गाडीत तो उजवीकडे बसलेला आणि बाकीचे डावीकडून पुढे जाणारे.

इथे कडेला मोकळी जागा जवळजवळ नाही, गवताची पट्टी संपताच लोखंडी कठडा लागतो. कठड्याला धडकले तर कठड्याचे पैसे, गाडी ओढून नेण्याचे पैसे आणि ट्रॅक बंद राहिला तर त्याचीही मागणी येऊ शकते. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस ही आयफेलची रोजची गोष्ट. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचमध्ये वळणे, ओढणे आणि बहुतांश ब्रेकिंग ही तिन्ही कामे पुढच्या दोन टायरवर पडतात. त्यामुळे वेग जास्त झाला की गाडी वळणाबाहेर सरकते. हे बरे, कारण ते सावकाश कळते. खरा धोका त्यानंतर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलण्यात आहे: वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचे शेपूट पुढे यायला लागते. जुनी २०५ जीटीआय या खोडीसाठी बदनाम होती. नॉर्डश्लाइफवरच्या ब्र्युन्शेनच्या उतारावर प्रेक्षक कॅमेरे लावून बसतात ते अशा क्षणांसाठीच.

कंपन्यांनी या रस्त्याला आपला तराजू बनवले. २००८ मध्ये रेनॉच्या मेगान आर२६.आरने आठ मिनिटे सतरा सेकंदांच्या आत फेरी पूर्ण केली. २०२३ मध्ये होंडा सिव्हिक टाइप आरने पूर्ण लांबीची फेरी सात मिनिटे ४४.८८१ सेकंदांत मारली. हे आकडे व्यावसायिक चालकांचे आणि रिकाम्या रस्त्यावरचे; टोल भरून आलेल्या माणसाने ते विसरलेले बरे.

त्या मानाने स्पा नवख्याला अधिक क्षमाशील. ७.००४ किलोमीटरची फेरी, रुंद रस्ता, बहुतेक वळणांबाहेर मोकळी जागा. ओ रूजच्या खळग्यातून रेदियोंचा चढ चढून गाडी केमेलच्या लांब सरळ रस्त्यावर येते. तोही चढाचाच, त्यामुळे छोट्या इंजिनाची तिथे दमछाक होते. पुढच्या उतारावरच्या वळणांत मात्र हलकी गाडी जड गाड्यांना गाठते. ट्रॅक डेचे शुल्क कित्येकशे युरो असते, म्हणून अनेक जण स्वस्तातली नॉर्डश्लाइफ आधी करतात. क्रम उलटा असलेला शहाणपणाचा.

भारतातून जाणाऱ्याला गाडी नेण्याची गरजही नाही. विमानतळावर भाड्याने घेतलेली गाडी ट्रॅकवर घालायला करारातच मनाई असते, पण न्युर्बुर्गच्या परिसरात खास याच कामाच्या गाड्या मिळतात. पहिल्या फेऱ्यांसाठी त्यांत बराच काळ चालत आलेले नाव म्हणजे सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट: इथल्या घराघरांत ओळखीच्या स्विफ्टचे, भारतात कधीच विकले न गेलेले रूप.

स्वतःच्या गाडीने आलेल्याचा शेवटचा तास पार्किंगमध्ये जातो. ऑइल पुन्हा मोजायचे, कारण ट्रॅकवर ते खर्ची पडते. चाकाच्या फटीतून पॅडची जाडी बघायची. पुढच्या टायरची बाहेरची कड हाताने चाचपायची. युरोपीय रस्त्यांवर नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते आणि दिवसभराच्या वळणांनी ती कडेलाच आधी संपते. संपलीच असेल, तर ते टायर तिथेच बदलून, जर्मन महामार्गाच्या वेगमर्यादा नसलेल्या पट्ट्यातही उजव्या लेनमध्ये राहून, कॅलेपर्यंत जायचे.