सोमवारचा दमा

माझे वडील सूतगिरणीत कार्डिंग खात्यात आहेत. रविवारची सुट्टी संपून सोमवारी कामावर गेले, की त्यांची छाती आवळते. लोक विडीला दोष देतात. वडील विडी ओढत नाहीत.

या रोगाला ‘बिसिनोसिस’ म्हणतात, हे मला कॉलेजच्या ग्रंथालयात कळले. कापसाच्या धुळीतील जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे विष त्याचे प्रमुख कारण मानतात. त्याने श्वासनलिका आकुंचन पावतात. प्रथम त्रास सोमवारपुरता असतो. वर्षानुवर्षे धूळ श्वासावाटे गेल्यास तो रोजचा होतो आणि फुफ्फुसांची हानी भरून येत नाही. लँकेशायरमधील गिरणी कामगार तपासून डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात सोमवारच्या याच खुणेवरून रोगाच्या पायऱ्या ठरविल्या.

म्हणून खोकणारा कामगार कोणत्या खात्यात काम करतो, हे डॉक्टरांनी आधी विचारावे. रुमालाने ही बारीक धूळ अडत नाही. यंत्रापाशीच ती ओढून घेणे हा खरा उपाय होय.