अर्धशिशीची आनुवंशिक प्रवणता आणि लोकसमूहभेद : मुरुड-जंजिरा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना
अर्धशिशी ही केवळ डोकेदुखी नसून मज्जासंस्थेचा विकार आहे. ती घराण्यातून उतरते, हा लोकानुभव शास्त्रानेही ग्राह्य मानला आहे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार तिच्या प्रवणतेतील जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक ठरतो. ही प्रवणता सर्व लोकसमूहांत सारखीच असते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आनुवंशिक आधार
तात्पुरत्या अर्धांगवायूसह येणारी दुर्मीळ कौटुंबिक अर्धशिशी एकाच जनुकातील दोषाने उद्भवू शकते. असे पहिले जनुक १९९६ साली ओळखले गेले. सर्वसामान्य अर्धशिशीत मात्र अनेक जनुकांचा अल्प-अल्प वाटा असतो. २०२२ मधील एका व्यापक अभ्यासात अशी १२३ जनुकीय स्थाने नोंदविली गेली. 'टीआरपीएम-८' हे त्यांपैकी एक जनुक होय. त्यापासून मज्जातंतूंवरील शीतसंवेदी ग्राही तयार होतो. कपाळावर चोळलेल्या मलमातील मेन्थॉलचा थंडावा जाणवतो तो याच ग्राहीमुळे.

लोकसमूहांतील भेद
या जनुकालगतचे एक रूप अर्धशिशीचा धोका वाढविते. २०१८ च्या संशोधनानुसार त्याचे प्रमाण नायजेरियन वंशाच्या लोकांत ५ टक्के, तर फिनिश वंशाच्या लोकांत ८८ टक्के आढळले. थंड प्रदेशाशी जुळवून घेताना ते वाढले असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. तथापि, एका जनुकरूपाचे प्रमाण म्हणजे रोगाचे प्रमाण नव्हे. उष्ण हवामानाच्या कर्नाटकातही २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे एक-चतुर्थांश प्रौढांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे दिसून आले.

मुरुड परिसराचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानावर सिद्दी घराण्याची सत्ता होती. कोळी, आगरी, कोकणी मुसलमान व बेने इस्रायली हे समाजही याच किनारपट्टीवर नांदले. कर्नाटक व गुजरातमधील सिद्दींत आफ्रिकी व भारतीय वंशांश असल्याचे २०११ साली, तर बेने इस्रायलींत ज्यू व भारतीय असे दोन्ही वंशांश असल्याचे २०१६ साली जनुकीय अभ्यासांतून स्पष्ट झाले. अशा मिश्र वारशाच्या प्रदेशात केवळ समाजाच्या नावावरून व्यक्तीचा धोका ठरविणे अशास्त्रीय होय.

समारोप
आजवरचे बहुतांश जनुकीय संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेले आहे. त्यावरून काढलेले धोक्याचे गुणांक कोकणातील रुग्णास जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथील लोकसमूहांचा समावेश असलेले संशोधन होईपर्यंत कुटुंबातील पूर्वेतिहास आणि लक्षणांची काळजीपूर्वक नोंद हाच निदानाचा भरवशाचा आधार राहतो. वर्गात वारंवार डोके धरून बसणारा विद्यार्थी सबब सांगतो आहे असे मानण्यापूर्वी त्याच्या घरी हा त्रास कोणाला आहे, एवढे विचारून त्यास वैद्यकीय सल्ल्याकडे वळविणे शिक्षकास सहज शक्य आहे.