गोलीय आधिक्य : पृथ्वीवर आणि चंद्रावर

जर्मनीतील होहेनहागेन, ब्रॉकेन आणि इन्सेल्सबेर्ग ही तीन शिखरे जोडणारा त्रिकोण गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८२० नंतरच्या दशकात हॅनोव्हरचे भूमापन करताना गाउसने तो मोजला. त्याच्या बाजू सुमारे ६९, ८५ आणि १०७ किलोमीटर असून क्षेत्रफळ सुमारे २,९३० चौरस किलोमीटर आहे. या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून सुमारे १४.८५ विकलांनी अधिक भरावयास हवी, असे गणित सांगते. हे आधिक्य म्हणजे मोजणीतील चूक नव्हे. ते क्षेत्रफळाचेच दुसरे रूप होय.

आधिक्य रेडियनमध्ये घेऊन त्यास त्रिज्येच्या वर्गाने गुणले असता गोलीय त्रिकोणाचे क्षेत्रफळ मिळते, हा सिद्धांत झिरारने १६२९ मध्ये प्रसिद्ध केला. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरल्यास एका विकलेमागे सुमारे १९७ चौरस किलोमीटर येतात. चंद्राची त्रिज्या १,७३७ किलोमीटर. तेथे एका विकलेमागे केवळ १४.६ चौरस किलोमीटर. अर्थात गाउसचा त्रिकोण चंद्रावर मांडला, तर आधिक्य सुमारे २०० विकला, म्हणजे ३ कला २० विकला होईल.

येथे एक शंका साहजिक आहे. प्रकाशकिरण तर सरळ रेषेत जातात; मग शिखरांमधील त्रिकोण प्रतलीयच नव्हे काय? तो प्रतलीयच आहे, आणि त्याच प्रतलात कोन मोजता आले असते तर बेरीज १८० अंशच आली असती. परंतु थिओडोलाइटची तबकडी प्रत्येक शिखरावर तेथील ओळंब्याला काटकोनात ठेवलेली असते, आणि तीन ठिकाणचे ओळंबे परस्परांस समांतर नसतात. आधिक्य उद्भवते ते येथून. गाउसने या मोजणीद्वारे अवकाशाचीच भूमिती पारखली, अशी आख्यायिका वारंवार सांगितली जाते. तिचे काहीही असो, या १४.८५ विकलांचा अवकाशाच्या वक्रतेशी संबंध नाही.

लजांद्रने १७८७ मध्ये दिलेल्या नियमाने प्रत्यक्ष आकडेमोड बरीच सुकर झाली : प्रत्येक कोनातून आधिक्याचा एक-तृतीयांश वजा करावा आणि त्रिकोण प्रतलीय मानून सोडवावा. अंतरांचेही असेच आहे. १०७ किलोमीटरच्या कंसाहून त्याची जीवा पृथ्वीवर सुमारे सव्वा मीटरने लहान असते, चंद्रावर सुमारे १७ मीटरने. मध्यभागी गोलाचा फुगवटा पृथ्वीवर सुमारे २२५ मीटर असतो, तर चंद्रावर सुमारे ८२४.

हे सर्व गणित ओळंबा केंद्राकडे रोखलेला आहे या गृहीतावर उभे आहे, आणि ते गृहीत नेहमीच टिकत नाही. लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून आरंभिलेली त्रिकोणांची साखळी, १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा अंत झाल्यावर, एव्हरेस्टने उत्तरेस नेली. कल्याणपूर आणि कलियाना यांच्या अक्षांशांतील अंतर त्रिकोणांवरून एक आले, ताऱ्यांवरून दुसरे. फरक ५.२३६ विकला, म्हणजे जमिनीवर सुमारे १६२ मीटर. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा ढळला असावा, हे खरे. परंतु दृश्य पर्वतराशीच्या हिशेबाने फरक १५.८८५ विकला यावयास हवा होता, असे प्रॅटने १८५५ मध्ये दाखविले. पर्वतांखालील द्रव्य तुलनेने हलके असावे, हे एअरीचे उत्तर त्याच वर्षीचे.

चंद्रावरही असे घनद्रव्याचे साठे आहेत. परिभ्रमण करणाऱ्या यानांच्या गतीतील विक्षेपांवरून ते १९६८ मध्ये उघडकीस आले. तेथील गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे एक-षष्ठांश असल्याने तितक्याच बाजूच्या ओढीने तेथील ओळंबा सहापट ढळतो.